ताटाचा प्रश्न आणि 27 फेब्रुवारी

जबलपूर शहरातील गोहलपूर ही विणकरांची व विडी कामगारांची वस्ती. तेथील एका बैठकीत स्त्री-कामगारांनी छाटीचा प्रश्न मांडला. हजार विड्या वळून नेल्या की सट्टेदार, म्हणजे मालक व कामगार यांच्यामधला ठेकेदार, त्यांतल्या काही खराब ठरवून बाजूला काढतो व त्यांची मजुरी बुडवतो. तेवढी रोटी त्या संध्याकाळी ताटातून कमी होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यावर आमच्यातील एका साथीने उत्तर दिले की, हे पोटापाण्याचे प्रश्न झाले, राजकारण त्यापुढे सुरू होते. हे मत आपल्या पक्षात मी पुष्कळदा ऐकले आहे. ते मुळातच चूक आहे, आणि जबलपुरात तर ते कोणी बोलून दाखवू नये.

कारण याच शहरात 27 फेब्रुवारी 1946 रोजी सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधील भारतीय जवान बराकींतून बाहेर पडले. पाहता पाहता त्यांची संख्या सतराशेच्या घरात गेली. त्यांच्या तक्रारी काय होत्या? निकृष्ट अन्न, गोऱ्या सैनिकांच्या तुलनेत तुटपुंजा पगार, अधिकाऱ्यांची शिवीगाळ. याच तक्रारींबरोबर, आणि त्यांच्यापासून वेगळ्या न काढता येणाऱ्या, आणखी दोन गोष्टी त्यांच्या तोंडी होत्या: आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटले आणि मुंबईत नाविकांवर झालेला गोळीबार. काँग्रेसचे व मुस्लिम लीगचे झेंडे एकत्र घेऊन ते शहरातून तिलकभूमी तलैयापर्यंत चालत गेले. पुढे ब्रिटिश पलटणीच्या संगिनी त्यांच्यावर चालल्या, लष्करी खटले झाले, अनेकांना नोकरी व निवृत्तिवेतन गमवावे लागले.

मुंबईतील उठावाची ठिणगीही ताटातच पडली होती. 18 फेब्रुवारी 1946 रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावरील नाविकांनी सडके अन्न नाकारले व कामही नाकारले. (तो तळही संदेशवहनाचे शिक्षण देणारा होता, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.) अन्नाची तक्रार घेऊन गेलेल्यांना गोऱ्या कमांडरकडून मिळाल्या त्या त्यांच्या वंशावरून दिलेल्या शिव्या. तेव्हाच्या थोर राष्ट्रीय पुढाऱ्यांनी नाविकांना शिस्तीचे धडे दिले व शरण जाण्याचा सल्ला दिला. कम्युनिस्ट पक्षाने मात्र 22 फेब्रुवारीला मुंबई बंदची हाक दिली. त्या दिवशी परळमध्ये कमल दोंदे गोळीला बळी पडल्या व कुसुम रणदिवे जखमी झाल्या. डाळीतले खडे हा राजकारणाच्या अलीकडचा प्रश्न आहे, असे तेव्हा आपल्या पक्षाने म्हटले नव्हते.

आता त्याच तारखेची दुसरी घटना पाहा. 27 फेब्रुवारी 1960, अमेरिकेतील टेनेसी राज्याचे नॅशविल शहर. तेथील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला वही, कापड, साबण, हवे ते विकत घेता येत असे. पैशाचा रंग कोणी पाहत नव्हते. पण त्याच दुकानातील खाद्यपदार्थांच्या काउंटरवर त्याने बसून खाणे निषिद्ध होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसू लागले. 27 तारखेला गोऱ्या गुंडांनी त्यांना स्टुलांवरून खाली ओढले, मारहाण केली, पेटत्या सिगारेटींचे चटके दिले. पोलिसांनी मारणाऱ्यांना मोकळे सोडून 81 विद्यार्थ्यांना अटक केली. दंड भरून सुटण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला, कृष्णवर्णीय वस्तीने बाजारपेठेवर बहिष्कार घातला, आणि 10 मे 1960 रोजी सहा दुकानांच्या काउंटरवर त्यांना प्रथमच वाढले गेले.

या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण देणारे जेम्स लॉसन 1953 ते 1956 या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. त्या वेळी नागपूर व जबलपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. लॉसन यांची वाट गांधींची, आपली नव्हे. परंतु काउंटरवर बसता येणे आणि तेथे खायला खिशात पैसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनाही उमगले होते. 1968 साली मेम्फिसमध्ये सुमारे 1,300 कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्या लढ्याच्या आघाडीवर लॉसन होते आणि त्यांच्याच बोलावण्यावरून मार्टिन लूथर किंग तेथे आले. 4 एप्रिलला किंग यांची हत्या झाली ती मेम्फिसमध्ये, त्या संपाच्या काळात.

महाराष्ट्रातील वाचकाला यातले काहीच परके वाटू नये. 20 मार्च 1927 रोजी महाडला ओंजळभर पाण्यासाठी जो मार खावा लागला, तो याच जातीचा. दलिताने पिकवलेले धान्य कोठारात चालते, त्याची कपबशी मात्र वेगळी. मालाला विटाळ नाही, माणसाला आहे. नॅशविलच्या दुकानदाराचा हिशेब हाच होता आणि जबलपूरच्या लष्करी भटारखान्याचाही याहून फारसा निराळा नव्हता. राबणारा हवा, पण आपल्या पंगतीला नको. ज्याला हे वर्गीय राजकारण वाटत नाही, त्याने वर्ग म्हणजे काय हे पुन्हा तपासून पाहावे.

जबलपूरच्या साथींना एक अप्रिय आठवणही करून देणे भाग आहे. 1946 च्या फेब्रुवारीत ज्या शहरातून दोन झेंडे एकत्र निघाले, त्याच शहरात 1961 च्या फेब्रुवारीत भीषण जातीय दंगल झाली. या पंधरा वर्षांत एका ताटाच्या मागणीवर हिंदू व मुसलमान श्रमिकांना बांधून ठेवण्याचे काम कमी पडले, आणि त्यात आपलाही वाटा होता.

येत्या 27 फेब्रुवारीला तिलकभूमी तलैयावर सभा घ्यावी, सिग्नलच्या जवानांबरोबर नॅशविलच्या विद्यार्थ्यांचेही स्मरण करावे, आणि पहिले भाषण गोहलपूरच्या विडी कामगार स्त्रीने छाटीवर करावे, अशी लेखी सूचना मी जिल्हा समितीकडे पाठविली आहे. सभेनंतर सर्वांनी एका पंगतीत जेवावे, हेही त्यात लिहिले आहे.