ढगांच्या माथी खापर

सैन्याचे विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'खराब हवामान' हे दोन शब्द हमखास असतात. ते वाचले की लोक हळहळतात आणि पान उलटतात. ढगाला जाब कोण विचारणार? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'प्राक्तन' सांगून गप्प बसवले गेले, त्या आम्हाला मात्र अशा उत्तराचा वास लगेच येतो.

८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूतील सुलूर तळावरून वेलिंग्टनकडे निघालेले एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळले. संरक्षणदल प्रमुख बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा बळी गेला. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने चौकशीचा निष्कर्ष सांगितला : यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता, हलगर्जीपणाही नव्हता; दरीतले हवामान अनपेक्षितपणे बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले. हे अशक्य नाही. ढगात क्षितिज दिसत नाही, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा माणसाला फसवते आणि सुस्थितीतले यंत्र सरळ डोंगरावर जाऊन आदळते.

पण डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. त्यात याच अपघातापुढे कारण छापले आहे : 'मानवी चूक', आणि तीही विमान चालवणाऱ्यांची! दिशाभान हरपणे हीसुद्धा तांत्रिक भाषेत मानवी चूकच ठरते, हे आम्ही जाणतो. तरीही आमचा सवाल उरतोच. आधी दोष ढगाचा, मग मेलेल्या वैमानिकाचा. दोघेही उत्तर द्यायला येणार नाहीत. त्या दिवशी उड्डाणाला परवानगी कोणी व कोणत्या माहितीवर दिली, डोंगराळ वाटेवरच्या हवामानाची ताजी खबर वैमानिकाला मिळण्याची सोय काय होती, हे त्या रकान्यात मावत नाही.

अरुणाचल प्रदेशातले मेचुका पाहा. ९ जून २००९ रोजी त्या परिसरात एएन-३२ विमान कोसळून १३ जण गेले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले एएन-३२ पडले, पुन्हा १३. अवशेष सापडायला आठ दिवस लागले. तेच विमान, तोच महिना, तेच डोंगर. मधल्या दहा वर्षांत ढग बदलले नाहीत हे मान्य. माणसांनी काय बदलले? या विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी २००९ मध्येच झाला होता. २०१४ नंतर तिकडच्या संघर्षात काम रखडले. २०१९ मध्ये पडलेल्या विमानात जुनीच उपकरणे होती. पाच वर्षे रखडलेल्या कराराला हवामान म्हणायचे काय?

गुप्ततेचे कारण पुढे केले जाईल. शत्रूला कळू नये असे काही असेल तर ते जरूर झाका. पण संसदेत एवढे तरी विचारता येईल : आज ईशान्येच्या डोंगरांत उडणाऱ्या एएन-३२ पैकी किती विमानांत नवी उपकरणे बसली आहेत, आणि उरलेल्यांत कधी बसणार?