चार दांड्या आणि एक आकडा

बंगळूरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर ब्यालालू हे खेडे आहे. चांद्रयान-१ च्या प्रक्षेपणापूर्वी, २००८ साली, भारतीय अवकाश संशोधन संस्थेने तेथे १८ आणि ३२ मीटर व्यासाच्या दोन तबकड्या उभारल्या. ती भूमी बशीसारखी खोलगट असून कडेच्या उंचवट्यांमुळे भोवतालच्या रेडिओ-लहरींचा उपद्रव अडला जातो. चंद्रावरून येणारा संदेश अत्यंत क्षीण. तो गोळा करण्यास विशाल तबकडी हवी, हे कोणासही पटते. परंतु त्याच्या भोवतीचा गोंगाटही कमी असावा लागतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बिनतारी दुव्याचा दर्जा केवळ संदेशाच्या बळावर ठरत नाही. संदेश आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर तो ठरतो.

हाच नियम भिंतीवर टांगलेल्या वाय-फायच्या पेटीसही लागू आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवान्यावाचून वापरण्यास मोकळा झाला. त्यात १३ वाहिन्या आहेत खऱ्या. पण त्या एकमेकींपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर असून प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून परस्परांस न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच उरतात, सामान्यतः १, ६ आणि ११. बंगळूरच्या दाट वस्तीत शेजारपाजारच्या साऱ्या पेट्यांना त्यांतच दाटीने बसावे लागते. मायक्रोवेव्ह भट्टीची गळतीही याच पट्ट्यात येते. ब्यालालूस लाभलेली बशी शहरातील वाचनालयास कोठून मिळणार?

अशा स्थितीत दुवा कसा चालला आहे हे पाहण्यासाठी बहुतेक लोक पडद्याच्या कोपऱ्यातील चार दांड्यांवर विसंबतात. साक्षीदार म्हणून हे चित्र कच्चे आहे. किती बळास किती दांड्या दाखवाव्यात याविषयी सर्वमान्य मानक नाही. प्रत्येक निर्माता ते आपल्या मर्जीने ठरवितो. चारही दांड्या भरलेल्या असताना एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश-अर्ज अखेरच्या तासाला अडकून पडतो, आणि ग्रंथपाल नवी पेटी विकत घेण्याचा प्रस्ताव लिहावयास बसतो. तो प्रस्ताव लिहिण्यापूर्वी यंत्रास शब्दांत प्रश्न विचारणे अधिक उचित होय.

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर ही सोय विनामूल्य आहे. काळ्या पडद्यावर ‘आयडब्ल्यू’ ही आज्ञा देऊन तिला ‘लिंक’ हा शब्द जोडला की संदेशाचे बळ आकड्यात मिळते. हा आकडा १ मिलिवॉट शक्तीस शून्य मानून डेसिबेलमध्ये दिलेला असतो. तेथून दर १० डेसिबेल खाली गेले की शक्ती दशांश होते. −६० म्हणजे १ मिलिवॉटचा दशलक्षांश. −५५ आणि −६५ या दोहोंस चित्रात दांड्या सारख्याच दिसू शकतील, पण शक्तीत दहापट अंतर असते. गोंगाटाचीही अशीच मोजदाद होते. सामान्य तापमानास २० मेगाहर्ट्झ रुंदीत निव्वळ उष्णतेचा गोंगाटच सुमारे −१०१ भरतो. त्यात ग्राहक यंत्राची आणि शेजाऱ्यांची भर पडते.

येथे एक सावधगिरी हवी. प्रणाली स्वतः ठेवीत असलेल्या ‘वायरलेस’ नावाच्या फाइलीत गोंगाटाच्या रकान्यात पुष्कळदा −२५६ लिहिलेले आढळते. हा आकडा शांततेचा पुरावा नव्हे. यंत्राने मोजलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणत्याही उपकरणाचे ‘ठाऊक नाही’ हे उत्तर ओळखता येणे हा विज्ञानशिक्षणाचा भाग आहे, आणि शाळेस याहून स्वस्त प्रयोग क्वचितच मिळेल.

शिवाय हे बळ पेटीकडून संगणकाकडे येणाऱ्या संदेशाचे असते. उलट दिशेची हकीकत त्यात नसते. वाय-फायमध्ये सामान्यतः संदेशाची प्रत्येक चौकट पोहोचल्याची पोच द्यावी लागते, आणि पोच न आल्यास चौकट पुन्हा पाठविली जाते. अशा पुनःप्रेषणांची मोजदादही ‘आयडब्ल्यू’ देते. दांड्या भरलेल्या आणि पुनःप्रेषणे भराभर वाढणारी, असे दिसले की वाहिनीवर दाटी आहे किंवा उलट दिशेचा संदेश दुबळा पडतो आहे, असा संशय घ्यावा.

सामान्य माणसास हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. एकट्याच्या घरी तो कदाचित् अनावश्यकच आहे. परंतु ज्या दुव्यावर चाळीस विद्यार्थी अवलंबून आहेत, त्याची देखरेख करणाऱ्याने चित्रावर भागवावे हे समर्थनीय नाही. चित्र पाहिले की मावळते. अक्षरांत आलेले उत्तर मात्र वेळेसह फाइलीत साठविता येते, आणि सकाळचा आकडा सायंकाळच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

त्याच नोंदीत ‘पिंग’चे आकडे ठेवावेत. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेली ही आज्ञा पलीकडच्या यंत्रास हाक देते आणि प्रतिसादास लागलेला वेळ मोजते. पहिली हाक भिंतीवरील पेटीस द्यावी, दुसरी बाहेरील जगातील एखाद्या यंत्रास. पहिलीचे उत्तर तत्काळ व न चुकता येते आणि दुसरीचे अडखळते, असे दिसल्यास दोष वाय-फायचा नव्हे. तो पेटीपलीकडील तारेचा अथवा सेवेचा असतो, आणि नवी पेटी घेऊन तो जाणार नाही. पहिलीच हाक सायंकाळी, शेजारी घरी परतल्यावर, अडखळू लागत असेल तर वाहिनी बदलून पाहावी, किंवा पेटीत सोय असल्यास ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावे. त्यास खर्च काहीच नाही.