प्रणालीची निवड आणि वेळापत्रकाची मालकी

नोकिया या फिनलंडच्या कंपनीने आपल्या स्मार्टफोनसाठी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली मुख्य म्हणून स्वीकारल्याचे ११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये जाहीर केले आणि त्याच दिवशी तिच्या समभागाचा भाव सुमारे १४ टक्क्यांनी उतरला. तेव्हापासून चाललेल्या चर्चेत बहुधा एकच प्रश्न फिरून फिरून येतो: नोकियाने अँड्रॉइड घेतले असते तर ती वाचली असती का? या प्रश्नाचे उत्तर प्रणालींच्या गुणदोषांच्या तुलनेत शोधले जाते. घटनाक्रम बारकाईने पाहिला असता मात्र असे दिसते, की निवडलेल्या प्रणालीच्या उणिवांपेक्षा ती निवड अमलात आणण्याच्या रीतीने आणि तिच्याबरोबर हातून गेलेल्या अधिकारांनी कंपनीचे अधिक नुकसान केले. उत्पादन-नियोजन, फर्मवेअर आणि अ‍ॅप-विकसन या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना आजही दुसऱ्याच्या पायावर आपली इमारत उभारावी लागते, म्हणून या प्रकरणाची उजळणी व्यावसायिक दृष्टीने होणे आवश्यक आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एका बाजूला प्रोसेसर, मेमरी, रेडिओ, कॅमेरा ही यंत्रसामग्री आणि दुसऱ्या बाजूला वापरकर्त्याची अ‍ॅप यांच्या मधला सारा व्यवहार चालवणारे मूळ सॉफ्टवेअर. नोकियाची सिम्बियन ही प्रणाली सायॉन या ब्रिटिश कंपनीने हातात मावणाऱ्या संगणकांसाठी तयार केलेल्या ईपॉक प्रणालीतून निघाली आणि तिच्या विकासासाठी १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांनी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. थोडक्या मेमरीत, मंद प्रोसेसरवर आणि लहान बॅटरीवर विश्वासार्हपणे चालणे हे तिचे बलस्थान होते. परंतु ज्या काटकसरीमुळे ती त्या काळात श्रेष्ठ ठरली, तीच पुढे अ‍ॅप लिहिणाऱ्यांना जाचक झाली. साध्या मजकुरासाठीही ‘डिस्क्रिप्टर’ ही वेगळी रचना वापरणे आणि मध्येच त्रुटी उद्भवल्यास घेतलेली मेमरी परत मिळावी म्हणून ‘क्लीनअप स्टॅक’ स्वतः सांभाळणे, अशा नियमांमुळे सिम्बियनवर तरबेज होण्यास दीर्घ काळ लागत असे. आयफोन जून २००७ मध्ये बाजारात आला. सिम्बियनच्या एस६० या आवृत्तीवर चालणारा नोकियाचा पहिला स्पर्शपडद्याचा फोन, ५८०० एक्स्प्रेसम्युझिक, २००८ च्या अखेरीस आला, आणि त्याचा पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाऐवजी दाबावर चालणारा होता.

तरीही २०१० मध्ये नोकियाने सुमारे १० कोटी स्मार्टफोन विकले, हे विसरता येणार नाही. गार्टनर या संशोधनसंस्थेच्या आकडेवारीनुसार जागतिक विक्रीतील सिम्बियनचा वाटा २००९ मधील ४६.९ टक्क्यांवरून २०१० मध्ये ३७.६ टक्क्यांवर आला, तर अँड्रॉइडचा ३.९ वरून २२.७ टक्क्यांवर गेला. म्हणजे कंपनी घसरत होती, पण अद्याप पहिल्या क्रमांकावर होती आणि दूरसंचार कंपन्या, वितरक व दुकानदार यांच्याशी तिचे जाळे अभंग होते. निर्णय घेण्यास सवड कमी असली तरी भांडवल बरेच शिल्लक होते.

या भांडवलातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे क्यूटी. क्यूटी ही नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची विकसन-चौकट होती. एकदा लिहिलेले अ‍ॅप थोड्या फेरफाराने वेगवेगळ्या प्रणालींवर चालवता यावे, यासाठी ती प्रसिद्ध होती आणि नोकियाने २००८ मध्ये ती कंपनी विकत घेतली होती. दुसरीकडे २००५ मधील ७७० या टॅब्लेटपासून २००९ मधील एन९०० पर्यंत लिनक्सवर आधारित मेमो प्रणाली कंपनीत वाढत होती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ती इंटेलच्या मोब्लिनशी जोडून मीगो हा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. विकसकांनी क्यूटीमध्ये अ‍ॅप लिहावीत, ती आज कोट्यवधी सिम्बियन फोनवर आणि उद्या मीगोवर चालावीत, अशी ही योजना होती. ती मंद होती: २०१४ पर्यंत मीगोचे केवळ तीन फोन तयार होऊ शकतील, असा अंतर्गत आढावा निघाल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. परंतु जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर ग्राहक आणि विकसक यांना एकत्र नेण्याचा मार्ग तिच्यात होता.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून येऊन मुख्याधिकारी झालेल्या स्टीफन एलॉप यांच्यापुढे तीन पर्याय होते: मीगोचा वेग वाढवणे, अँड्रॉइड घेणे किंवा विंडोज फोन घेणे. अँड्रॉइडबाबत कंपनीत पूर्वीपासून नाखुशी होती. तिचे ज्येष्ठ अधिकारी आन्सी वान्योकी यांनी अँड्रॉइडकडे वळणाऱ्यांची तुलना थंडीत ऊब मिळावी म्हणून विजारीत लघवी करणाऱ्या फिनिश मुलांशी केली होती. या चेष्टेमागील व्यापारी युक्तिवाद गंभीर होता. सर्व उत्पादकांच्या फोनमध्ये एकच प्रणाली आणि गूगलच्याच सेवा असतील, तर वेगळेपण किमतीपुरते उरते आणि नफा सर्वांत मोठ्या उत्पादकाकडे जातो. शिवाय नकाशांसाठी नोकियाने २००८ मध्ये ८.१ अब्ज डॉलर देऊन घेतलेली नॅव्हटेक गूगल मॅप्सपुढे निरुपयोगी ठरली असती. मायक्रोसॉफ्टने याउलट नोकियाचे नकाशे स्वीकारले आणि प्रत्येक तिमाहीस २५ कोटी डॉलरचे साहाय्य देऊ केले, ज्याच्या बदल्यात नोकियाने सॉफ्टवेअरच्या स्वामित्वशुल्काची किमान रक्कम देण्याचे बंधन पत्करले. कागदावर हा करार अविचारी म्हणता येत नाही.

दोष अंमलबजावणीत होते आणि त्यांतील पहिला घोषणेच्या वेळेचा होता. घोषणेच्या काही दिवस आधी एलॉप यांचे कर्मचाऱ्यांना उद्देशून लिहिलेले टिपण बाहेर फुटले, ज्यात कंपनीची स्थिती समुद्रातील पेटत्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसासारखी वर्णिली होती. त्यानंतर सिम्बियनला निवृत्तीच्या वाटेवरील प्रणाली ठरवून तिचे आणखी १५ कोटी फोन विकण्याचा इरादा जाहीर झाला, तर पहिले विंडोज फोन, ल्युमिया ८०० आणि ७१०, २६ ऑक्टोबर २०११ रोजी सादर झाले. पुढील मालाची घोषणा अकाली केल्याने चालू मालाची विक्री थांबणे, याला संगणक उद्योगात ऑस्बोर्न परिणाम म्हणतात. मधल्या साडेआठ महिन्यांत नोकियाकडे विकण्यासाठी केवळ तिनेच मृत घोषित केलेली प्रणाली होती. परिणामी स्मार्टफोनची तिमाही विक्री २०१० च्या अखेरच्या तिमाहीतील २.८३ कोटींवरून २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत १.६७ कोटींवर आली. स्वस्त अँड्रॉइड फोनचा रेटा आणि वितरकांकडे साचलेला माल ही कारणेही या घटीमागे होती. तथापि ज्या दुकानदाराला उत्पादकानेच मालाचे भवितव्य सांगून टाकले आहे, तो तो माल ग्राहकापुढे आग्रहाने ठेवत नाही, हे या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे.

दुसरा दोष वेळापत्रकाच्या मालकीचा होता. विंडोज फोन ७ जुन्या विंडोज सीई या गाभ्यावर उभी होती. एकाच कोअरचा प्रोसेसर आणि ८०० गुणिले ४८० बिंदूंचा पडदा अशा तिच्या ठरीव मर्यादा होत्या. त्यामुळे यंत्रसामग्रीतील नोकियाचे कसब तिच्यात पूर्णपणे उतरू शकत नव्हते. ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला ८०८ प्युअरव्ह्यू हा फोन फेब्रुवारी २०१२ मध्ये सादर झाला तो सिम्बियनवर, आणि तशी क्षमता ल्युमिया १०२० मध्ये येण्यास जुलै २०१३ उजाडला. याहून मोठा आघात जून २०१२ मध्ये झाला, जेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ नव्या एनटी गाभ्यावर असेल आणि विकलेले फोन तिच्यावर चढवता येणार नाहीत, असे जाहीर केले. अमेरिकेत मोठ्या गाजावाजाने आलेला ल्युमिया ९०० त्या वेळी बाजारात येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. पुढच्याच महिन्यात त्याची करारासहित किंमत ९९ डॉलरवरून ४९ डॉलरवर आणावी लागली. गाभा बदलण्याचा मायक्रोसॉफ्टचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्य होता, परंतु त्याची किंमत नोकियाने मोजली. दीड वर्षात कंपनीने ग्राहकांना दोनदा सांगितले, की हातातला फोन पुढे जाणार नाही. पहिल्यांदा स्वेच्छेने आणि दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या इच्छेने.

तिसरा दोष विकसकांचा मार्ग तोडण्याचा. विंडोज फोनवरील अ‍ॅप सिल्व्हरलाइट आणि सी-शार्प यांत लिहावी लागत आणि क्यूटी तिच्यावर येणार नाही, असे नोकियाने आरंभीच स्पष्ट केले. सिम्बियनसाठी क्यूटी शिकलेल्या विकसकाला सर्व काही नव्याने लिहिणे भागच असेल, तर त्याने मोठ्या बाजारपेठेच्या अँड्रॉइडसाठी किंवा आयफोनसाठी लिहिणे स्वाभाविक होते, आणि बहुसंख्यांनी तेच केले. अ‍ॅपची उणीव ही विंडोज फोनची जुनी तक्रार पुढे कधीच पुरती मिटली नाही. तिची बीजे या निर्णयात आहेत. जून २०११ मध्ये दाखवलेला मीगोवर आधारित एन९ हा फोन नावाजला जाऊनही अमेरिका, ब्रिटन व जर्मनी या मोठ्या बाजारांत आणला गेला नाही. ल्युमियाची विक्री २०१३ च्या तिसऱ्या तिमाहीत ८८ लाखांपर्यंत चढली, पण तोपर्यंत सप्टेंबर २०१३ मध्ये ५.४४ अब्ज युरोंच्या व्यवहारात फोन-व्यवसाय आणि पेटंटवापराचे हक्क मायक्रोसॉफ्टला देण्याचे ठरले होते, आणि जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले.

अन्य प्रणाली निवडणाऱ्यांचे अनुभव पाहिले तर केवळ निवडीवर भर देणे किती अपुरे आहे, हे उमगते. मोटोरोलाने अँड्रॉइड स्वीकारले, तरी तिचा फोन-व्यवसाय आधी गूगलकडे आणि मग लेनोव्होकडे गेला. एचटीसी अँड्रॉइडची पहिली भागीदार असूनही २०१७ मध्ये तिला आपल्या अभियंत्यांचा मोठा गट १.१ अब्ज डॉलरच्या व्यवहारात गूगलला द्यावा लागला. ब्लॅकबेरीने क्यूएनएक्स विकत घेऊन स्वतःची नवी प्रणाली घडवली. ती जानेवारी २०१३ मध्ये येईपर्यंत ग्राहक निघून गेले होते. स्वतःची, सर्वांबरोबर वाटून घेतलेली आणि एका भागीदाराची, अशा तिन्ही वाटांवर अपयशाची उदाहरणे सापडतात.

भारतातही हा प्रश्न परका नाही. मायक्रोमॅक्सने २०१४ मध्ये सायनोजेन या अँड्रॉइडच्या सुधारित आवृत्तीचे भारतापुरते अनन्य हक्क घेऊन यू ही नाममुद्रा सुरू केली आणि त्या हक्कांवरून वनप्लसशी दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. परंतु २०१६ च्या अखेरीस सायनोजेन कंपनीने आपल्या सेवाच बंद केल्या, तेव्हा ज्या अनन्यतेसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली तिचे मोल शून्य झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यातही एक मुद्दा असाच होता: गूगलच्या सेवा घेणाऱ्या उत्पादकाला अँड्रॉइडच्या अन्य सुधारित आवृत्तीचे फोन बनवण्यास करारांनी आडकाठी होत असे. म्हणजे मुक्त स्रोताची म्हणून घेतलेली प्रणालीही बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवेलच, असे नाही.

यावरून प्रणाली, चिप-पुरवठादार किंवा क्लाउड-सेवा निवडणाऱ्या प्रत्येक चमूने गुणवत्तेच्या तक्त्याआधी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे तयार करावीत. पुढील मोठी आवृत्ती केव्हा येणार हे कोण ठरवणार, आणि ती आल्यावर विकून झालेल्या उपकरणांचे काय होणार, याची हमी करारात आहे का? जुन्या प्रणालीसाठी लिहिलेले काम आणि त्यामागचे कौशल्य नव्या प्रणालीवर किती प्रमाणात नेता येईल? आणि नवा माल गोदामात येण्याआधी जुन्याचा शेवट जाहीर करण्याची खरोखर गरज आहे का? नोकियाच्या करारात नकाशे, पैसा आणि स्वामित्वशुल्क यांची तरतूद होती, पण या तीन प्रश्नांची उत्तरे एकतर मायक्रोसॉफ्टकडे होती किंवा नोकियाने स्वतःच चुकीची दिली होती. अडचणीतील कंपनीला साहाय्याची रक्कम मोठी वाटते, हे समजण्यासारखे आहे. तथापि ज्या भागीदाराच्या वेळापत्रकावर आपला पुढील हंगाम अवलंबून असेल, त्याच्याशी वाटाघाट करताना रकमेच्या आकड्याआधी तारखांचे कलम लिहून घेणे हेच शहाणपणाचे ठरते.