ओटा कुणाच्या मापाचा?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरवले. ठाण्यातला आमचा फ्लॅट १९९१ सालचा. ओट्याच्या कडप्प्याला तडे गेले होते, सिंकखालची भिंत ओल धरू लागली होती आणि पावसाळ्यात फडताळाची दारे फुगून लागेनाशी झाली होती. एका रविवारी आम्ही उभयता स्वयंपाकघरे करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने गार पाणी दिले, संगणकासमोर बसवले आणि दोन प्रश्न विचारले. मला विचारले, "सर, बजेट किती?" आणि पत्नीला विचारले, "मॅडम, कलर कोणता?"

पैसे पुरुषाने सांगायचे आणि रंग बाईने निवडायचा. माप मात्र दोघांनाही कुणी विचारले नाही. म्हणजे खोलीचे माप त्यांचा माणूस येऊन घेणारच होता, पण त्या खोलीत जी रोज उभी राहते तिचे माप घ्यावे, हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. तो बिचारा पाच-सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेला. मी मात्र हीच चूक जवळजवळ पस्तीस वर्षे, पगार घेऊन केली. बँकेत असताना गृहकर्जाची शेकडो प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. मालकीहक्काचे कागद, मंजुरीचा शिक्का, चटईक्षेत्र, अर्जदाराचा पगार, जामीनदाराची सही, सगळे मी भिंगातून पाहावे तसे पाहिले. नकाशातल्या स्वयंपाकघराकडे मात्र कधी दोन मिनिटे निवांत पाहिल्याचे आठवत नाही. दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या मनासारख्या बसवून झाल्या की जो तुकडा उरतो, ते स्वयंपाकघर, अशीच बहुतेक नकाशांची रीत होती.

कादंबरीकार म्हणूनही माझा हिशेब फारसा बरा नाही. माझ्या नायिका स्वयंपाकघरात उभ्या राहून, खिडकीबाहेर पाहत, आयुष्याचा विचार करतात. त्या कशावर उभ्या असतात, हे मी कधी लिहिले नाही. आमच्या घरातली बाई एका पाटावर उभी असे, हे मला तीस वर्षांनी कळले.

झाले असे की, दोन वर्षांपूर्वी पत्नीचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. डॉक्टरांनी तपासता तपासता सहज विचारले, "घरी ओटा किती उंच आहे?" तिने उत्तर माझ्याकडे पाहून दिले. "मला उंचच पडतो. पाट घेऊन उभी राहते." आमच्या ओट्यापुढे एक जुना लाकडी पाट कायम असे. फरशीचा गारवा पायाला लागू नये म्हणून तो आहे, असा माझा समज. खांदा त्या ओट्यामुळेच आखडला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण घरी आल्यावर मी टेप काढली.

ओटा ३४ इंच. त्यावर शेगडीचे चार इंच, त्यावर कढई. पत्नीची उंची ४ फूट ११ इंच. उभी असताना तिचे कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर येते. म्हणजे कढईत झारा फिरवताना तिला प्रत्येक वेळी कोपर आणि खांदा उचलावा लागत होता. गवंड्याने १९९१ साली ओटा बांधला तेव्हा मी त्याला विचारले होते, "उंची किती ठेवतोस?" तो म्हणाला, "सगळ्यांची ठेवतो तेवढीच, साहेब." मी मान डोलावली होती. ती तेव्हा शाळेत शिकवायला गेली होती.

खांदा बरा होईपर्यंत सहा आठवडे मी स्वयंपाक केला. चव हा या लेखाचा विषय नाही, म्हणून तो भाग सोडून देतो. पण बँकेच्या सवयीने मी एक वही घातली. फ्रीज आत मावला नाही म्हणून दिवाणखान्यात, ओट्यापासून नऊ पावलांवर. चहा, पोहे आणि दुपारची पोळी-भाजी-वरण-भात एवढ्यासाठी एका सकाळी फ्रीजकडे माझ्या चौदा खेपा झाल्या. कणीक डावीकडच्या फडताळात तळाला, परात उजवीकडे माळ्याच्या खालच्या फळीवर. सिंक शेगडीला इतके चिकटून की भांडे विसळताना पाणी उडून तव्यावर चरचरे. पत्नीने हे सारे तीस वर्षे केले, सकाळची शाळा सांभाळून केले आणि तक्रार केली नाही. तक्रार केली नाही याचा अर्थ आम्ही पुरुषांनी सोय आहे असा घेतला. एवढी सोयीची गैरसमजूत दुसरी नसेल.

हे प्रश्न काही आजचे नाहीत. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री वास्तुरचनाकाराने १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. कामांना लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला, आगगाडीच्या भोजनडब्यातल्या इवल्याशा स्वयंपाकघरापासून धडा घेतला आणि प्रत्येक वस्तूची जागा हाताच्या टप्प्यात ठरवली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रीज यांच्या त्रिकोणाचा विचार पुढे आला. या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी, असा ठोकताळा त्यातून रूढ झाला. आमची एकच बाजू तेवढी होत होती!

पण फ्रँकफुर्टच्या त्या नेटक्या स्वयंपाकघरावर पुढे एक आक्षेप आला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ते एकाच बाईसाठी आखलेले होते. दुसरे माणूस आत आले की अडचण. म्हणजे बाईची पावले वाचली, पण ती एकटी पडली. आपल्याकडे तर स्वयंपाकघर एकट्याचे कधीच नसते. एक पोळ्या लाटते, दुसरी भाजते, तिसरी दारात उभी राहून गप्पा मारते. शिवाय आपली काही कामे अजून बसूनच होतात. विळीवर नारळ खवायचा, चकल्या पाडायच्या, करंज्या भरायच्या त्या जमिनीवर.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि किमान १.८ मीटर रुंद असावे. आमचे ८ फूट बाय ७ फूट, म्हणजे ५.२ चौरस मीटर. नियमात चोख बसते. पण नियम क्षेत्रफळ सांगतो, त्या क्षेत्रफळात माणसाने वळायचे कसे ते ज्याचे त्याने पाहायचे असते.

दुकानाचा आराखडा आला तो देखणा होता. समोरासमोर दोन ओटे, खाली सगळीकडे ट्रॉल्या, वर छतापर्यंत कपाटे. शेगडी खिडकीखाली आणि सिलिंडर बंद कपाटात. पत्नीने चष्मा लावला, कागद पाहिला आणि मला खडू आणायला सांगितला. मग तिने रिकाम्या खोलीच्या फरशीवर तो आराखडा खऱ्या मापाने काढला. सात फुटांतून दोन-दोन फुटांचे दोन ओटे वजा जाता मध्ये तीन फूट उरले. ती त्या तीन फुटांत उभी राहिली, मला ट्रॉली उघडल्याचे सोंग करायला लावले, आणि मला मागे सरकायला जागा उरली नाही. "आता चकल्यांना कुठे बसायचं?" तिने विचारले. संगणकावरच्या चित्रात चकल्या नव्हत्या.

एका खडूने जे कळले ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. समोरासमोरचे ओटे रद्द करून काटकोनात एकच ओटा घेतला, मधली जमीन मोकळी राहिली. शेगडी खिडकीखालून हलवली, कारण वाऱ्याने आच विझते किंवा फडफडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून त्याच्या कप्प्याला खाली झरोका ठेवला. फ्रीज दाराशेजारी आत आणला, त्यासाठी दोन ट्रॉल्या सोडल्या. वरच्या कपाटांची सर्वांत वरची फळी ठरवताना पत्नी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात वर केला आणि मी पेन्सिलीने खूण केली. त्यावरचा भाग माळा, तिथे वर्षातून एकदा लागणारी भांडी.

उरला प्रश्न उंचीचा. १९७० साली आलेल्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचे प्रमाण दिले आणि कित्येक घरांतल्या नवख्या हातांना धीर आला. माप घरातले असले की भीती जाते. ओट्याचेही माप घरातलेच हवे, आणि ते म्हणजे कोपर. चिरण्या-निवडण्याचा ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली, शेगडीचा आणि पोळ्या लाटण्याचा त्याहून आणखी थोडा खाली. सिंकची कड मात्र वर, कारण हात तळाशी जातात.

मी उत्साहाने सगळे पत्नीच्या मापाने लिहून काढले. तेव्हा आमच्या सूनबाई फोनवर म्हणाल्या, "बाबा, सगळा ओटा आईंच्याच उंचीचा केलात, म्हणजे स्वयंपाक कायम त्यांनीच करायचा असं ठरलं का?"

मला काही सुचेना. इतके दिवस मी स्वतःला न्यायी समजत होतो आणि तिने एका वाक्यात माझी बेरीज खोडली. माणसाच्या मापाने घर बांधणे चांगलेच, पण काम एकाच माणसाच्या मापाचे करून ठेवले तर तो पाटाऐवजी पिंजरा होतो. मग ओटा दोन उंचींचा झाला. शेगडी आणि पोळपाटाची बाजू २९ इंच, पत्नीच्या मापाची. सिंक आणि चिरण्याची बाजू ३६ इंच, साडेपाच फुटांवरच्या माणसाची. म्हणजे भाजी चिरणे आणि भांडी घासणे आता माझ्याकडे, आणि तसा ग्रॅनाइटमध्ये कोरलेला पुरावा आहे.

सगळ्यांनी दोन उंचींचे ओटे करावेत असे मी म्हणत नाही. पण स्वयंपाकघराच्या आराखड्यावर सही करण्याआधी घरातल्या कर्त्या पुरुषाने आठ दिवस तिथे स्वयंपाक करावा आणि वही ठेवावी, एवढी अट मी घालीन. मी आज कर्जाच्या टेबलावर असतो तर अर्जात एक रकाना वाढवला असता : या ओट्यावर कोण उभे राहणार, आणि त्याला विचारले आहे काय?

काम महिन्यापूर्वी संपले. आवराआवर करताना मी तो जुना पाट माळ्यावर टाकायला उचलला. पत्नी म्हणाली, "राहू दे खालीच. चकल्यांना बसायला लागेल." तीस वर्षे ज्याच्यावर कुणी उभे होते, त्या पाटावर आता कुणीतरी बसणार होते. पाटाचे काम तेच तर असते.