बिनतारी राउटरचे शिक्षण : आरंभ कोठून करावा?

घरोघरी भिंतीवर टांगलेली राउटरची लहानशी पेटी वस्तुतः एक संपूर्ण संगणकच असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तिच्यात प्रोसेसर आहे, स्मृती आहे, रेडिओलहरी पाठविणारा व घेणारा भाग आहे. आणि पुष्कळदा तिचा सारा कारभार लिनक्स ही प्रणाली पाहते. तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास हिच्याइतके उद्बोधक साधन क्वचितच सापडेल. मात्र आरंभ बाजारातील बंद पेटी उघडून करावा, की मुळातच खुल्या असलेल्या बोर्डाने, याचा विचार आधी झाला पाहिजे.

लिंक्सिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ या राउटरचा इतिहास येथे बोधप्रद आहे. २००२ च्या अखेरीस तो विक्रीस आला. त्याच्या पोटात लिनक्स असल्याचे उघडकीस आल्यावर परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ साली मूळ संहिता प्रसिद्ध करावी लागली. तिच्या आधाराने २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. आपल्या देशात २००५ साली धरमशाला येथे असेच राउटर नवे फर्मवेअर घालून वापरले गेले व डोंगराळ मुलखातील संस्था परस्परांशी जोडल्या गेल्या. पण त्याच वर्षी या राउटरच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स गेले आणि स्मृती १६ मेगाबाइटवरून ८ वर आली. नाव तेच, पेटीही तीच. अंतरंग मात्र निराळे! लिनक्सवाल्यांसाठी कंपनीने ‘जीएल’ नावाचा वेगळा नमुना काढला खरा; तथापि केवळ नावावर विसंबणारा ग्राहक फसावयाचा तो फसलाच.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्या यंत्राचे अंतरंग उत्पादकाच्या मर्जीवर बदलते, त्यावर शिक्षणाचा पाया घालणे शहाणपणाचे नव्हे. २०२४ च्या अखेरीस आलेला ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा बोर्ड या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात १ गिगाबाइट स्मृती असून फ्लॅश साठवण दोन स्वतंत्र भागांत आहे : २५६ मेगाबाइटचा भाग नित्य वापरासाठी, आणि १६ मेगाबाइटचा भाग संकटकाळी यंत्र पुन्हा उभे करण्यासाठी. लहानशी कळ सरकवून यांपैकी एकाची निवड करता येते. चूक सुधारण्याची सोय असेल, तरच विद्यार्थी निर्भयपणे प्रयोग करतो.

खुला बोर्ड महाग पडतो, हा आक्षेप खोटा नाही. पेटीसह त्याची किंमत सुमारे ८९ डॉलर ठेवण्यात आली होती, आणि ती सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. परंतु सूक्ष्मदर्शक काय प्रत्येक विद्यार्थी विकत घेतो? तो प्रयोगशाळेचा असतो. तसाच हा बोर्डही महाविद्यालयाने घ्यावा. त्यावर हात बसल्यानंतर घरचा टाकून दिलेला राउटर पुन्हा उपयोगात आणणे, ही विद्यार्थ्याची दुसरी पायरी ठरावी.

आरंभीची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच. वीज देण्यापूर्वी अँटेना जोडाव्यात. जुन्या बोर्डावर सीरियल जोडणी करताना विद्युद्दाब बहुधा ३.३ व्होल्ट असतो; तेथे ५ व्होल्टचा संच लावल्यास चिप निकामी होऊ शकते. पाठविण्याची तार घेण्याच्या टोकाला जोडावी, जमिनीची जमिनीला. विजेची तार मोकळीच ठेवावी. मग पडद्यावर आधी बूटलोडर, नंतर कर्नल व शेवटी फाइलव्यवस्था जागी होताना दिसते. हे दर्शन हाच खरा पहिला धडा होय. मूळ फर्मवेअरची प्रत काढल्यावाचून नवे घालू नये, आणि ते लिहिले जात असता वीज तोडू नये. रेडिओसाठी भारताचाच देशसंकेत निवडावा. कारण परवान्याची अट उठली असली, तरी शक्तीची व कंपनसंख्येची मर्यादा उठलेली नाही.

ज्या पेटीतून घरातील सारा पत्रव्यवहार व पैशांचे व्यवहार जातात, ती कशी चालते हे जाणणारे देशात मूठभरच असावेत, ही स्थिती हितावह नाही. उत्पादकाने सुधारणा देणे थांबविले की बंद पेटी असुरक्षित होते व अखेरीस कचऱ्यात जाते. संहिता खुली असेल, तर जाणता मनुष्य तिचे आयुष्य वाढवितो. असे जाणते घडविण्याचे काम तंत्रशाळांचे आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळेतील एका टेबलावर एखादा खुला बोर्ड मांडला, तरी आरंभापुरते पुरे आहे.