घरट्याचे छायाचित्र आणि त्याची किंमत

गेल्या चैत्रात विद्यार्थ्यांची निसर्गसहल घेऊन एका माळरानावर गेलो होतो. खडकाळ जमिनीवर टिटवीची चार अंडी होती. खड्यांत इतकी मिसळून गेलेली, की दाखविल्यावाचून दिसू नयेत. ती मीच दाखविली. पुढील पाव तास बावीस विद्यार्थी आळीपाळीने वाकून मोबाइलवर छायाचित्रे घेत होते आणि टिटवी डोक्यावर आकांत करीत घिरट्या घालीत होती. सहल सफल झाल्याच्या समाधानात मी तो आकांत ऐकूनही ऐकला नाही, हे कबूल केलेले बरे.

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी नव्हे. भर दुपारी ती त्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते. ती दूर राहील तितका वेळ अंडी तापत राहतात. धनेशाचा प्रपंच याहून नाजूक. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते. उरलेल्या फटीतून नर तिला फळे भरवितो. ढोलीसमोर माणसांचा तळ पडला की नर येण्याचे टाळतो आणि आत उपवास घडतो.

ज्या खर्चाचे देयक खर्च करणाऱ्याच्या हाती येत नाही तो बेसुमार वाढतो, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवितो. येथे प्रत्येकाची दहाच मिनिटे. लाभ त्याचा, बेरीज मात्र पक्ष्याच्या माथी. त्यात चित्र ‘स्वच्छ’ यावे म्हणून आड येणाऱ्या डहाळ्या छाटल्या, तर घरटे उन्हाला आणि कावळ्यालाही उघडे पडते.

कायदा याबाबत मुग्ध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे. बंदुकीवाचूनही शिकारी ठरता येते, हे आमच्या सहलीच्या सूचनापत्रकात छापलेले नव्हते. डबा, टोपी, पाण्याची बाटली यांची यादी तेवढी होती.

अनेक छायाचित्रस्पर्धांनी घरट्यांची चित्रे स्वीकारणे थांबविले आहे. महाविद्यालयीन वार्षिकांकांनीही ते थांबवावे. सहल वसंतातच काढावी. परंतु विद्यार्थ्याच्या हाती नोंदवही द्यावी आणि नर तासाभरात कितीदा चारा आणतो, हे दुरून मोजावयास लावावे. घरट्याचे ठिकाण मात्र कोणास कळवू नये. यंदा आमच्याकडे अठरा नावे आली आहेत; दुर्बिणी दोनच मिळाल्या आहेत.