खांद्याला खांदा, नजर समोर

एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो, तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीचा दाणासुद्धा त्याहून मोठा. बंदुकीतून सुटणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊ पट. नेमबाज आणि लक्ष्य यांच्यात अंतर दहा मीटर. अंगात जाड कॅनव्हासचे जाकीट, हातात चार-पाच किलोची बंदूक आणि स्पर्धा असेल तर ७५ मिनिटांत ६० नेम. एवढ्या वेळात कोणी कोणाशी बोलत नाही. शेजारच्याकडे पाहतही नाही.

आणि तरीही, रोज एकाच वेळी रेंजवर येणाऱ्या माणसांची जशी घट्ट मैत्री होते तशी क्वचितच कुठे पाहायला मिळते. मुलाखतीत स्पर्धेच्या दडपणाबद्दल विचारले तरी बरेच नेमबाज बोलता बोलता रेंजवरच्या सोबत्यांकडे वळतात. ज्या खेळात तासभर तोंड उघडायचे नाही, त्यात माणसे इतकी जवळ कशी येतात, हा प्रश्न आरोग्याच्या स्तंभात घेण्याजोगा आहे.

जळगाव-धुळ्यात नेमबाजी म्हटले की आधी आठवतो तो खाकी गणवेश. धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. कॉलेजात एन.सी.सी. केलेल्या आपल्यातल्या अनेकांनी कधीतरी शिबिरात पालथे पडून ‘पॉइंट टू टू’ चालवलेली असते. दस्त्याचा खांद्याला बसलेला धक्का आणि शेजारी पडलेला दोस्त, दोन्ही चाळीस वर्षांनीही आठवतात. आणि बंदुकीत जाणारी गोळी? भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून काडतुसे तयार होतात. काडतूस बनवणाऱ्या जिल्ह्यात सामान्य माणसाला नेम धरायला जागा शोधावी लागते, ही गंमतच म्हणायची.

मैत्रीकडे वळू. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक साधा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत जावे लागतात, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलगपणाला २०० हून जास्त. आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील. पण मुद्दा तासांचा आहे. शाळा-कॉलेजात हे तास न मागता मिळतात. पस्तिशीनंतर दुकान, नोकरी, शेती, मुलांच्या शिकवण्या यात असे दोनशे तास आणायचे कुठून? लग्नात भेटणारे, व्हॉट्सअॅपवर ‘शुभ सकाळ’ पाठवणारे पुष्कळ असतात. पण ‘रात्री छातीत दुखत होते रे’ हे सांगायला कोण असते?

रेंजवर हे तास आपोआप जमतात. रोज तोच वेळ, तीच माणसे, तीच लेन. हायस्कूलची मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा, बँकेतून निवृत्त झालेले नाना, कापसाचा व्यापारी, सगळे एका रांगेत. बाहेर नाना मोठे आणि पोरगा लहान, रांगेत मात्र पोराचा गट नानांपेक्षा घट्ट पडलेला असतो आणि नाना त्याला विचारतात, “बेटा, चाप ओढताना तू श्वास कुठे धरतो?” वय, जात, पगार यांपैकी कशाचाही कागदावरच्या भोकांशी संबंध नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. रेंजवर माणसे एकमेकांसमोर नसतात, शेजारी असतात. ऑस्ट्रेलियात गेल्या तीसेक वर्षांत ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ रुजली. निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्ती असली कामे करायची. त्यामागचा विचार असा की पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करत नाहीत. हाताला काम असले आणि नजर त्या कामावर असली की शेजारच्याशी बोलतात. खान्देशी माणसाला हे ऑस्ट्रेलियाने शिकवायला नको. थंडीतली शेतातली भरीत पार्टी आठवा. एक जण वांगी भाजतो, एक सोलतो, एक ठेचतो, दोघे मिरच्या आणि कांद्याच्या पातीला लागलेले. जाळाकडे बघता बघता कोणीतरी हळूच कर्जाचे बोलतो. घरी दिवाणखान्यात खुर्चीवर बसून तो हे कधी बोलला नसता.

एकत्र केलेल्या कामाचा शरीरावरही परिणाम होतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठातल्या १२ नावाड्यांना व्यायामाच्या यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांबरोबर वल्ही मारायला लावली. मेहनत तेवढीच. पण एकत्र वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त भरली. मेंदूत पाझरणाऱ्या एंडॉर्फिन या द्रव्यांचा हा परिणाम असावा, असा त्यांचा कयास. नेमबाज काही एका तालात चाप ओढत नाहीत, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा रेंजवर लावता येणार नाही. पण एका रांगेत एका शिस्तीने श्वास सावकाश करणारी दहा माणसे काहीतरी वाटून घेत असतात, हे तिथे उभे राहिले की जाणवते.

मैत्रीचा आयुर्मानाशी असलेला संबंध मात्र पक्का आहे. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसे होती. ज्यांचे माणसांशी नाते घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ च्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकटेपणाने ग्रासलेला असल्याचे आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार असल्याचे म्हटले. रक्तदाबाची गोळी चुकली तर आपण धास्तावतो. सहा महिन्यांत एकाही दोस्ताला भेटलो नाही, हे डॉक्टरला सांगायचे कोणाला सुचतही नाही.

गोळीवरून आठवले. नेमबाजीत बीटा-ब्लॉकर औषधांवर बंदी आहे, कारण ती नाडी संथ करतात आणि हाताचा कंप कमी करतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची दोन पदके प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली गेली. आता रेंजवर कोणीतरी सांगतो, “आप्पा, तुमची ती गोळी डोपिंगमध्ये येते.” आणि आप्पा ती दुसऱ्याच दिवशी बंद करतात. असे कधीही करू नये. ही औषधे एकदम थांबवली तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतो, हृदयविकार असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. नियम स्पर्धकांसाठी आहे, त्यांनाही आधी डॉक्टरांशी बोलायचे असते. हौशी आप्पांना कोणी तपासायला येत नाही.

आता कानांविषयी. एअर रायफलचा आवाज फारसा नसतो. पण ‘पॉइंट टू टू’ रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो आणि मोठ्या बोअरचा त्याच्याही खूप वर. प्रौढांच्या कानांवर १४० डेसिबलपेक्षा मोठा धमाका होऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी ही मर्यादा १२० आहे. आतल्या कानात ऐकण्याच्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात परत उगवत नाही. आधी जातात त्या उंच स्वराच्या. म्हणजे स, श, फ, थ ही अक्षरे. समोरचा बोलतो हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. चहाच्या टपरीवर चार जण एकदम हसतात आणि पाचवा नुसता ओठ फाकवतो. दोन-तीनदा “काय म्हणाला?” विचारतो, मग विचारायचे सोडतो, मग यायचेच सोडतो. कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असे लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ पासून वारंवार मांडले आहे. एकटे पडणे हेही त्याच यादीत आहे. कानावर मफ न लावता “आपल्याला सवय आहे” म्हणणारा जुना शिकारीबाणा एकाच वेळी कानही घालवतो आणि सोबतही. कडक उन्हात, पारा ४५ च्या वर असताना, मफखाली घाम येतो हे खरे. तरी तो काढायचा नाही. रांगेतल्या दुसऱ्याने काढलेला दिसला तर नेम थांबवून सांगायचे.

शिशाचे थोडक्यात सांगतो. छर्रे शिशाचे असतात, त्याची पूड बोटांना लागते. काडतुसाच्या बंदुकीत तर धुरातूनही शिसे येते. शरीरात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाण माहीत नाही. मोठ्यांत रक्तदाब आणि मूत्रपिंड, लहानांत बुद्धीची वाढ यांवर ते घाव घालते. नेमबाजी संपली की सगळे मिळून पोहे खातात, ही रेंजवरची मोठी गोड रीत. त्याआधी साबणाने हात धुवा, एवढेच. आणि हॉल कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

या सगळ्याहून अवघड एक गोष्ट आहे, आणि ती फक्त रेंजवरचे सोबतीच करू शकतात. रोजच्या सोबत्याच्या कागदावरचा गट विखुरला की शेजारच्याला आधी दिसतो. हात का कापतो? झोप होत नाही की दारू वाढली? एरवी नीट घडी घालून ठेवणारा माणूस जाकीट तसेच फेकून जातो. चार दिवस येतच नाही. घरच्यांना “कामाचा ताण” सांगून तो निभावतो, पण शेजारच्या लेनमधल्याला फसवणे सोपे नसते. इथे आपली सभ्यता आडवी येते. ‘त्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडायचे?’ पडायचे. ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे आणि मन काळवंडले आहे, त्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण विचार आणि कृती यांत वेळच उरत नाही. “मरून जावे असे वाटते का?” हे स्पष्ट विचारले तर त्याच्या डोक्यात नवे काही भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. आजवरचे संशोधन तसे दाखवत नाही. उलट विचारल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो. अशा काळात बंदूक काही दिवस घराबाहेर, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायला सांगा, आणि तो निघाला तर सोबत जा. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

रेंजवरची मैत्री किती दूरवर जाते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे घडल्या. तिघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, तिघी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला गेल्या. पुढे दीपाली देशपांडे यांनी ज्याला घडवले, त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काम केलेला हा मुलगा सुरुवातीला शिकला तो आपल्या शेजारच्या नाशिकला. सुमा शिरूर यांनी चाकाच्या खुर्चीवरून नेम धरणाऱ्या अवनी लेखराला शिकवले; तिने टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले. पदके आपण मोजतो. एकाच रांगेत वर्षानुवर्षे उभे राहून, एकमेकींचे कागद पाहून जे शिकले गेले ते मोजता येत नाही.

जळगाव-धुळ्यात हे होणे अवघड नाही. दहा मीटरच्या रेंजला काडतूस लागत नाही, मैदान लागत नाही. लक्ष्याची उंची १.४ मीटर. बंद पडलेल्या शाळेचा किंवा मंगल कार्यालयाचा लांबट हॉल, मागे भक्कम भिंत, चांगला उजेड, हवा खेळती, आणि नियम पाळून घेणारा एक जाणता माणूस एवढे पुरे. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी, महाविद्यालयांनी मनावर घ्यावे. दुपारी चार महिने हॉल बंदच राहील, मग पहाटे साडेपाचला उघडा.

एक मागणी मात्र आराखड्यात आधीच टाकावी. हॉलबाहेर हात धुवायला बेसिन हवेच, आणि त्याच्या शेजारी, सावलीत, सहा-सात जण बसतील असा लांब बाक.